परसातली बारमाही माळ

३ ऑक्टोबर

ही डायरी मला आमच्या मुलानं, गुरुनं दिली. म्हणाला, "अव्वा, कारखाना सुटल्यापासून तू दिवसभर आमच्या चुका काढतेस. ह्याच्यात लिहीत जा, म्हणजे आम्हाला ऐकायला लागणार नाही." लिहीन की. अर्धा जन्म मी टॉवेलच्या कारखान्यात चेकिंग खात्यात काढला. ह्या शिवलीलाबाईंनी पास केलेला माल परदेशातून कधी परत आला नाही, हे आजही कारखान्यात कुणालाही विचारावं. असे डोळे घरी बसल्यावर बंद कसे होतील?

आज लिहायला बसले त्याला कारण आहे. आमच्या घरामागं परस आहे. सोलापुरात आता परस राहिलाय कुणाकडं? लोकांनी खोल्या काढून भाड्यानं दिल्या, आम्ही नाही दिल्या. मागच्या भिंतीला लागून कट्टा, पुढं शहाबादी फरशी, आणि समोर स्वयंपाकघराच्या दाराला दोन पायऱ्या. बारा महिने आमची संध्याकाळची बैठक तिथंच असते. उन्हाळ्यात तर आत बसवतच नाही. मी, हे म्हणजे माझे यजमान संगप्पा, शेजारचे चन्नवीर आणि त्यांची बायको, कामावरून आला की गुरु. कट्ट्यावर ओळीनं बसायचं, शेंगा फोडायच्या आणि साऱ्या गल्लीची धुणी धुवायची.

आणि ऋतुजा, आमची सून. केम गावची पोरगी, मे महिन्यात लग्न झालं. लहानपणी तापात तिचे कान गेले. दोन्ही कानांत मशीन लावते आणि बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघून सगळं समजून घेते. गुरुनं तिला पसंत केलं तेव्हा नातेवाइकांत बरीच कुजबुज झाली. मी तिथल्या तिथं सगळ्यांना बजावलं, माझ्या घरात पोरीच्या कानाचा विषय कुणी काढायचा नाही, चांगल्यासाठी नाही आणि वाइटासाठीही नाही. तो नियम आजवर कुणी मोडलेला नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे.

ती समोर पायरीवर बसते. पण दिवेलागण झाली की उठते, देवापाशी दिवा लावते आणि परत येत नाही. रोजचंच आहे हे. आम्ही बाहेर हसतोय आणि ही आत एकटी भांडी पुसतेय. आज चन्नवीरांच्या बायकोनं विचारलं, "सून घुमी हाय काय हो तुमची?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात जेवताना गुरु म्हणाला, पुण्याच्या ऑफिसात बदली मिळतेय, वर्ष संपायच्या आत कळवायचंय. जाणार का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "ऋतुजावर आहे. तिला इथं करमत नसेल तर जाऊ."

मला ती दोघं जायला नको आहेत. दुसऱ्या कुणाला सांगणार नाही, इथं सरळ लिहिते. परस अंधारा आणि भकास आहे म्हणून पोरीला बसवत नसेल. मोठ्या हॉटेलांच्या अंगणात असतात तशा दिव्यांच्या माळा लावायच्या. दिवाळीच्या चार दिवसांच्या नव्हेत, ऊन, पाऊस, धूळ सोसून वर्षभर टिकतील अशा.

६ ऑक्टोबर

मानसिंगच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले. दिवाळीमुळं छतापासून जमिनीपर्यंत माळाच माळा. मी एक हातात घेतली, वायर दोन्ही बाजूंनी ओढली, बल्ब पिळून बघितला. मानसिंग म्हणाला, "मावशी, टॉवेल न्हाई तो, पिळताय कशाला?" म्हटलं, पिळल्याशिवाय मी नवरासुद्धा पसंत केला नाही. मग तो जरा नीट बोलायला लागला.

माणूस तसा जाणता आहे. म्हणाला, खोक्यावर "बाहेरची" लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, त्याच्याखालचा आकडा बघा. आयपी चव्वेचाळीस असेल तर चार शिंतोडे सोसेल. कायम उघड्यावर ठेवायची तर पासष्ट पाहिजे, मग धूळ आत जात नाही आणि नळी लावून पाणी मारलं तरी काही होत नाही. वायर रबराची जाड घ्या, पातळ प्लास्टिक आपल्या उन्हात पापडासारखं मोडतं. बल्ब काचेचे नकोत, वाऱ्यानं भिंतीवर आपटले की संपले. आणि एक बल्ब गेला तरी बाकीचे चालू राहिले पाहिजेत, गेलेला तेवढा काढून दुसरा बसवता आला पाहिजे.

हे सगळं मला पटलं. पण दुकानदारानं सांगितलं म्हणून मी पास करणार होय? तीन कंपन्यांचे तीन तुकडे नमुना म्हणून मागितले. तो म्हणाला, माळ कुणी तुकड्यानं विकत नाही. शेवटी तीन माळा आणल्या, दोन परत करायच्या बोलीवर.

घरी आले तर यांनी स्वयंपाकघरातला दिवा तसाच चालू ठेवलेला. रोजचंच आहे. बाहेर बसायला आलो की मी तो बंद करते, नाहीतर किडे आत येऊन पिठात पडतात. आणि हे पाणी प्यायला म्हणून आत जातात आणि परत लावून येतात. निवृत्त माणसाला खोड लागली की सुटत नाही.

८ ऑक्टोबर

आजपासून चेकिंग सुरू. कारखान्यात रंगाचा कस बघायला कापडाचा अर्धा तुकडा पुठ्ठ्यानं झाकून उन्हात ठेवायचे. मग पुठ्ठा काढला की झाकलेला भाग आणि उघडा भाग शेजारी शेजारी दिसायचा, लबाडी लगेच उघडी पडायची. तेच केलं. तिन्ही माळा गच्चीवर पसरल्या आणि अर्ध्या झाकल्या. सध्याच्या उन्हात गच्चीवर चप्पल घालूनही उभं राहवत नाही, कस लागायला तेवढं पुरे.

ऋतुजा मदतीला आली. भर दुपारी गच्चीवर आम्ही दोघी, डोक्याला टॉवेल गुंडाळून. आणि काय बोलते पोर! केमच्या स्टेशनवर तिचे वडील कुंकू विकायचे ते सांगितलं, बहिणीची नक्कल केली, मी कारखान्यातल्या गोष्टी सांगितल्या तर हसून खाली बसली. माझ्याकडं एकटक बघत होती, एक शब्द सोडला नाही. घुमी म्हणे! चन्नवीरांच्या बायकोला आणून दाखवायला पाहिजे होतं. दुपारी एवढी बोलणारी पोर संध्याकाळ झाली की कुठं जाते?

१४ ऑक्टोबर

निकाल. पहिल्या माळेच्या वायरीचा उघडा भाग पांढुरका पडला आणि वाकवल्यावर चिरला. नापास. उरलेल्या दोन्ही बोअरच्या पाण्याच्या बादलीत रात्रभर बुडवल्या, आणि माझं समाधान होईना म्हणून सकाळी धुण्याच्या पावडरीनं खसखसून धुतल्या. एकीच्या बल्बांत पाणी शिरलं. हे म्हणाले, "मासे आणू का सोडायला?" ह्यांना वर्षातून दोनदा विनोद सुचतो, त्यातला हा एक. ती नापास.

तिसरी पास. धुतली, ओढली, तिला वरवंटा बांधून दिवसभर टांगली, काही झालं नाही. उजेड पिवळसर घेतलाय, पांढऱ्यावर किडे फार येतात. किड्यांमुळंच पोर उठत असेल असाही मला संशय आहे. मानसिंगकडं दोन माळा परत द्यायला नेल्या. त्यानं एक हातात घेऊन बराच वेळ वास घेतला. म्हणाला, "मावशी, ही धुतली काय?" मी म्हटलं, तुझा आकडा खरा आहे का ते बघितलं. शेवटी त्या दोन्ही माझ्याच गळ्यात पडल्या. पडू देत, चेकिंगला माल वाया जातोच. तिसरीच्या जोडीला तसलीच आणखी एक घेतली.

१७ ऑक्टोबर, वसुबारस

माळा लागल्या. कुठं लावायच्या ह्यावरून आधी थोडं झालं. हे म्हणत होते, स्वयंपाकघराच्या पत्र्याच्या कडेला लाव. त्यांना काय कळतं? आमच्या खात्यात काचेचं टेबल असायचं आणि काचेखालून ट्यूब. कापड त्याच्यावरून ओढलं की उजेड मागून येतो आणि धागा न् धागा उठून दिसतो. उजेड मागूनच पाहिजे, हे मी अर्धा जन्म बघितलंय. मागच्या भिंतीवर, कट्ट्याच्या बरोबर वर, दोन ओळींत लावून घेतल्या. वजन वायरीवर नको म्हणून आधी पोलादी तार ताणली आणि तिला माळ बांधली. जोड खाली तोंड करून ठेवले, पाणी आत उतरू नये म्हणून. अडॅप्टर पत्र्याखाली.

बटण दाबलं आणि चन्नवीर उभेच राहिले. म्हणाले, "अयायायाय, वैनी, लगीन हाय का काय कुणाचं?" त्यांच्या बायकोचं तोंड बघण्यासारखं झालं असेल, पण मी तिच्या शेजारीच बसले होते म्हणून नीट दिसलं नाही. ऋतुजानं टाळ्या वाजवल्या. डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं मला. पायरीवर बसली, आमच्याकडं बघत राहिली, नेहमीपेक्षा बराच वेळ. कपाळाला आठ्या घालून बघत होती. मग हळूच उठून आत गेली.

मी म्हटलं, दमली असेल, दिवाळीची कामं आहेत.

२९ ऑक्टोबर

काल अवकाळी पाऊस, वारा, सगळं झालं. पलीकडच्या गल्लीतल्या दिवाळीच्या माळा विझल्या त्या विझल्याच. आमच्या माळांचा एकही बल्ब गेला नाही. सकाळी दोन ओळखीच्या बायका मुद्दाम बघायला आल्या. मी आकडा सांगितला, रबर सांगितलं, धुतल्याचंही सांगितलं. चहा पाजून पाठवलं.

दिव्यांचं कौतुक सगळी गल्ली करते. ज्या पोरीसाठी केलं ती आत भांडी पुसते.

११ नोव्हेंबर

आज ऋतुजा म्हणाली, "आत्या, आपन सगळी आतच बसू या का? ट्यूबखाली?"

एवढ्या उस्तवारीनं निवडलेल्या माळा सोडून हिला स्वयंपाकघराची ट्यूब हवी. मी म्हटलं, बघू. तिनं मान हलवली आणि पोळ्या लाटायला लागली.

गुरुला बाजूला घेऊन विचारलं, पोरीला आमचं काही खटकतं का. तो म्हणाला, "तिलाच विचार की, अव्वा." मी कसं विचारणार? विचारलं आणि ती म्हणाली, हो, खटकतं, तर?

२ डिसेंबर

वेळ अमावास्या जवळ आली. यांच्या भावकीचं शेत दुधनीला, तिकडं हा सण मोठा. शेतात कडब्याची कोप म्हणजे खोपी घालतात, पाच दगडांचे पांडव मांडून पूजतात आणि वाटेनं जाणाऱ्यालाही जेवल्याशिवाय सोडत नाहीत. आता तिकडं जाणं होत नाही. म्हणून मी जाहीर केलं, यंदाची वेळ अमावास्या आपल्या परसात. कडब्याच्या चार पेंढ्या मिळतील, आणि अमावास्येचा अंधार असला तरी दिवे आहेतच. दुधनीहून यांची मोठी बहीण काशम्मा अक्का येणार आहेत. त्यांना माळा दाखवायच्याच आहेत.

गुरु म्हणाला, पुण्याचं त्याच आठवड्यात कळवायचंय. ऋतुजा ते ऐकत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मी उगाच डबे पुसायला घेतले.

९ डिसेंबर

आज जे झालं ते नीट लिहिते.

काशम्मा अक्कांना फोटो पाठवायचा म्हणून मी गुरुला म्हटलं, आम्हा सगळ्यांचा माळांसकट एक काढ. आम्ही कट्ट्यावर ओळीनं बसलो. पायरीवरून तो नीट येईल म्हणून त्यानं ऋतुजाच्या जागेवर उभं राहून काढला. बघून म्हणाला, "अव्वा, सगळे काळे आलेत." मी मोबाइल हातात घेतला. मागच्या भिंतीचा गिलावा दिसत होता, पोपडे दिसत होते, चन्नवीरांच्या बनियनला खांद्यावर पडलेलं भोकसुद्धा दिसत होतं. तोंड एकाचंही नाही. चार काळे ठोकळे मांडून ठेवावेत तसे आम्ही.

गुरु म्हणाला, "उजेड मागून आहे ना. परत काढू."

मी म्हटलं, थांब. मी उठले आणि पायरीवर जाऊन बसले. यांना सांगितलं, काहीतरी बोला. हे बोलले. आवाज आला, तोंड दिसलं नाही. ऋतुजा रोज इथंच बसते. भोक बघायचं असेल तर उजेड मागून पाहिजे. माणूस बघायचं असेल तर नाही. आणि माळा नव्हत्या तेव्हा तर तेवढाही उजेड नव्हता.

ऋतुजा आत होती. गेले आणि तिचा हात धरून ट्यूबखाली उभी केली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या कानाचा विषय मी काढला. नियम माझाच, मोडला मीच.

"संध्याकाळी आमचं बोललेलं तुला काही कळतं का गं?"

ती आधी हसली. मग म्हणाली, "दिवसा समदं कळतं, आत्या. उजेड गेला की तुमची तोंडं जातात. मशीनमधनं आवाज येतो, पन शब्द न्हाई कळत. समदी हसली की मीबी हसते. कशाला हसले ते गुरुला रात्री विचारते."

"मग इतके महिने सांगितलं का नाहीस?"

"तुमीच म्हनला होता की, कानाचा विषय काढायचा न्हाई. मला वाटलं, त्यो नियम मलाबी हाय."

मी तिला जवळ घेतलं. मशीन माझ्या पदरात अडकलं आणि त्याचा कुईं आवाज झाला, तशी दोघीही हसलो.

नंतर यांना म्हटलं, तुम्हाला माहीत होतं? हे म्हणाले, "म्हनून तर आतला दिवा लावत होतो. त्यो पडायचा जरा तोंडावर. तू बंद करायचीस." सांगायला काय झालं होतं, असं विचारलं. "तू नियम केलता न्हवं?" एवढं बोलून पेपर वाचायला लागले. असा हा आज्ञाधारक नवरा.

एक मात्र लिहून ठेवते. माळांत खोट नव्हती. खोट टांगण्यात होती.

११ डिसेंबर

सकाळपासून उलथापालथ. भिंतीवरचं सगळं उतरवलं. स्वयंपाकघराच्या पत्र्याच्या कडेपासून कपडे वाळत घालायच्या लोखंडी खांबापर्यंत तार ताणली, आडवी-तिडवी, डोक्याच्या वर आणि थोडी पुढं. हे शिडीवर, गुरु तार धरून, मी खाली उभी राहून सूचना द्यायला. माळेला इतक्यांदा ओढलं, वाकवलं, पण एक जोड सैल झाला नाही. पास केलेला माल तो.

कट्ट्यावर ओळीनं बसणं बंद. खुर्च्या गोल मांडल्या, आणि तिची खुर्ची गोलातच. पायरी रिकामी.

मग ऋतुजाला म्हटलं, आजची चेकर तू. मी पास करणार नाही, तू करायचं. पोरगी कमरेवर हात ठेवून प्रत्येकासमोर उभी राहिली. प्रत्येकानं एक वाक्य बोलायचं आणि तिनं ते बोलून दाखवायचं. हे म्हणाले, शेंगा खारट झाल्यात. तिनं बोलून दाखवलं, "मामा पास." मी म्हटलं, शेंगा बरोबर आहेत, ह्यांची जीभ बिघडलीय. "आत्या पास. जरा दमानं बोलायचं." मला दमानं बोलायला सांगणारी ही पहिलीच. गुरु बोलता बोलता तोंड फिरवतो म्हणून त्याला ताकीद मिळाली. चन्नवीरांची बायको पास. चन्नवीर एक लांबलचक वाक्य बोलले. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "काका नापास. मिशीत व्हट दिसत न्हाईत."

चन्नवीरांच्या मिशा म्हणजे काय, हे गल्लीत पोरासोरांनाही माहीत आहे. तुपाचं बोट लावून पीळ देतात. मला वाटलं, आता चन्नवीर उठून जातात. ते म्हणाले, "आसं व्हय," आणि मिशीवरून हात फिरवत बसून राहिले.

१२ डिसेंबर

चन्नवीर आज उशिरा आले. मिशी वरच्या ओठापर्यंत कातरलेली. बायको मागून पदर तोंडाला लावून हसत होती. खुर्चीत बसले, ऋतुजाकडं तोंड केलं आणि म्हणाले, "आता बघ, पोरी. पास का?"

ऋतुजानं वाकून नमस्कार केला त्यांना. ह्या माणसाला मी आजवर बडबड्या म्हणत आले. आजपासून म्हणणार नाही, निदान तोंडावर तरी नाही.

१९ डिसेंबर, वेळ अमावास्या

जेवणं उरकली, भांडी गुरु घासतोय, मी लगेच लिहायला बसलेय. आजचं उद्यावर ठेवायचं नाही.

कोप छान झाली. पांडवांना चुना लावून ओळीनं मांडलं, आंबील शिंपडली. भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खिचडा, गव्हाची खीर. पाहुणे येत गेले, मी कुणाला परत पाठवलं नाही. सहा वाजता दिवे लावले. काशम्मा अक्का दुधनीहून दुपारीच आल्या होत्या. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "चांद न्हाई आज, पन तुमी बरं केलं गं." मी आकडा सांगायला सुरुवात केली, तर यांनी माझ्या हातात खिरीची वाटी दिली.

अक्का निम्मं कन्नड बोलतात. कुणीही दिसलं की आधी "ऊटा आत?", म्हणजे जेवण झालं का. ऋतुजाला ते ओठांवरून कळेना. आधीची ती असती तर हसून मान हलवली असती. आज तिनं खुर्ची ओढून अक्कांच्या समोर घेतली आणि म्हणाली, "अक्का, परत म्हना, दमानं." अक्कांनी चार वेळा म्हटलं. मग ही सगळ्या गोलाला "ऊटा आत?" विचारत फिरली, जेवून उठलेल्यांनाही.

चन्नवीरांनी एक किस्सा सांगितला. सगळे हसले, आणि ऋतुजा सगळ्यांच्या बरोबर हसली. ते मी टिपलं. आजवर ती आमचं बघून हसायची, जरा मागून. आज कुणाकडं बघायला लागलं नाही तिला.

मग मी माझा परदेशी गिऱ्हाइकाचा किस्सा काढला. कारखान्यात एक साहेब आले होते आणि माझ्या टेबलावरचा टॉवेल डोळ्याला लावून म्हणाले होते, असा माल बघितला नाही. रंगात आले होते, तेवढ्यात ऋतुजा म्हणाली, "आत्या, गच्चीवर सांगितलं तवा त्यो साहेब जर्मनीचा होता. आज जपानचा कसा झाला?"

हे खुर्चीवरून पडायचे राहिले. चन्नवीर डोळे पुसायला लागले. सगळ्या पाहुण्यांसमोर, नणंदेसमोर, सुनेनं माझी चूक काढली. कारखान्यात ज्या चेकरची चूक कुणाला सापडली नाही, तिची. माझा ऊर असा भरून आला की विचारू नये. माझ्या घरात माझ्या तोडीचा डोळा आलाय. सोलापुरात शोधून सापडणार नाही असा.

हसणं ओसरल्यावर गुरुनं मोबाइल काढला. म्हणाला, "ऋतुजा, पुण्याचं आज कळवायचंय. सगळे आहेत, इथंच सांग. काय लिहू?" तो तिच्याकडं तोंड करून, दमानं बोलला. माझ्या हातातली वाटी मी खाली ठेवली. यांनी माझ्याकडं बघितलं नाही, फरशीकडं बघत राहिले.

ऋतुजानं गोलातल्या एकेकाकडं बघून घेतलं. मग म्हणाली, "न्हाई म्हनून लिवा. लगीच कसं जायाचं? मला सासरी येऊन आठच दिवस झालेत की."

काशम्मा अक्कांना ते उमगलं नाही. त्या बोटं मोजायला लागल्या. म्हणाल्या, "ए, मे म्हैन्यात लगीन झालं न्हवं हिचं? जून, जुलै, ऑगस्ट..."

मी त्यांचा हात धरला आणि बोटं मिटवली. म्हटलं, अक्का, पोरीचं बरोबर आहे. आठच दिवस झालेत.